अनोळखी सिस्टिम फाइल दिसली? डिलीट करण्याआधी एवढं तपासा

२००२ साली एक ईमेल जगभर फिरला. तुमच्या संगणकात 'जे-डी-बी-जी-एम-जी-आर' नावाची फाइल शोधा, तिच्यावर टेडी अस्वलाचं चित्र असेल, तो व्हायरस आहे, चौदा दिवस गप्प बसतो आणि मग घात करतो, अँटिव्हायरसलाही सापडत नाही, तेव्हा लगेच डिलीट करा आणि ओळखीच्या सगळ्यांना कळवा, असा त्यातला मजकूर. लोकांनी शोधलं. फाइल होती, अस्वलही होतं. त्यांनी ती काढून टाकली आणि ईमेल पुढे धाडला. प्रत्यक्षात ती विंडोजबरोबर येणारी, जावा प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यासाठीची निरुपद्रवी फाइल होती. त्याच्या आदल्याच वर्षी असाच ईमेल 'सल्फ-एन-बी-के' या फाइलबद्दल फिरला होता. तीही विंडोजचीच होती. लांब फाइलनावं बिघडली तर ती परत मिळवून देण्याचं काम ती करायची.

अशी चूक फक्त घाबरलेल्या माणसांच्या हातून होते असंही नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीमधली 'एसव्हीसीहोस्ट' ही अस्सल फाइल व्हायरस म्हणून पकडली. ती बाजूला काढली जाताच कित्येक संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होऊ लागले आणि त्यांचं नेटवर्क तुटलं.

हे आधी सांगायचं कारण असं, की अनोळखी फाइल दिसली की हात पहिल्यांदा डिलीटकडे जातो, आणि ते काम सगळ्यात शेवटचं आहे. फाइलचं नाव पाहून काहीच ठरत नाही. ती कुठे राहते, तिच्यावर सही कोणाची आहे, तिचा ठसा इतरांच्या ओळखीचा आहे का आणि तिला चालू कोणी केलं, या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा निकाल लागतो. सवय झाली की दहा मिनिटं पुरतात. शंका दाट असेल, म्हणजे संगणक आपोआप काही करत असेल, तर तेवढ्या वेळापुरतं वाय-फाय बंद करा आणि जे शोधायचं ते मोबाइलवर शोधा.

लेख विंडोज १० आणि ११ डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. फायलींची आणि मेनूंची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत, पडद्यावर ती रोमन अक्षरांत दिसतील.

पहिली पायरी: फाइल न उघडता तिचं पूर्ण नाव पाहा

ही काय आहे ते बघू म्हणून प्रोग्रॅमच्या फाइलवर डबल-क्लिक करणं म्हणजे ती चालवणंच. तेवढं टाळा. माहिती हवी असेल तेव्हा राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा.

विंडोज मुळात नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल 'बिल.पीडीएफ' अशी दिसते, आणि तिला चित्रही पीडीएफचंच चिकटवलेलं असतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो' आणि तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवरच तो चौकोन सापडेल. ही खूण कायम राहू द्या. नवा संगणक हाती आला की सगळ्यात आधी हे करावं, असं माझं ठाम मत आहे. अक्षरं उलट्या दिशेनं दाखवणारं एक अदृश्य युनिकोड चिन्ह नावात घालूनही शेपूट लपवता येतं, म्हणून 'डिटेल्स' मांडणीतला 'टाइप' हा रकानाही बघा. तिथे 'ॲप्लिकेशन' लिहिलेलं असेल तर नाव काहीही असो, तो प्रोग्रॅम आहे.

मग नाव अक्षर-अक्षर लावून वाचा. 'एसव्हीसीहोस्ट' मधल्या 'व्ही' आणि 'सी' ची अदलाबदल केली, किंवा 'ओ' च्या जागी शून्य घातलं, तर घाईत नजर फसते. 'एलसास' या अतिशय महत्त्वाच्या फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर लहान लिपीतलं 'एल' आहे. त्या जागी मोठ्या लिपीतला 'आय' घातला तर बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही अगदी सारखे दिसतात. नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि फॉन्ट बदलून पाहा, सोंग उघडं पडतं. मात्र नाव बरोबर असलं म्हणजे फाइल बरोबर, असं समजू नका. अस्सल फाइलचं तंतोतंत नाव कुणीही कुठल्याही फाइलला देऊ शकतं.

जाता जाता, दोन-तीन नावांची भीती आत्ताच घालवून टाकू. लपलेल्या फायली दाखवायची सोय सुरू केली की सी ड्राइव्हवर 'पेजफाइल', 'हायबरफिल' आणि 'स्वॅपफाइल' अशा '.सिस' शेपटाच्या फायली दिसतात, आणि पहिल्या दोन कित्येक गिगाबाइटच्या असतात. त्या विंडोजच्या आहेत. मेमरी अपुरी पडली की पेजफाइल वापरली जाते, संगणक हायबरनेट होताना मेमरीतला ऐवज हायबरफिलमध्ये उतरवला जातो. फोल्डरागणिक दिसणारी 'डेस्कटॉप.आयएनआय' ही त्या फोल्डरचं रूप लक्षात ठेवणारी चिमुकली फाइल आहे. आणि टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या यादीत, 'सिस्टिम आयडल प्रोसेस' समोर ९५ टक्के दिसलं तर त्याचा अर्थ प्रोसेसर तेवढा मोकळा बसला आहे, एवढाच.

दुसरी पायरी: ती राहते कुठे

माझा सगळ्यात जास्त भर या पायरीवर असतो, कारण इथे काही विकत घ्यावं लागत नाही, काही उतरवून घ्यावं लागत नाही, आणि बहुतेक सोंगं इथेच सापडतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. संशयित नावावर राइट-क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा, ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो उघडेल. सगळ्यांचे पत्ते एकदम हवे असतील तर 'डिटेल्स' टॅबवर जा, रकान्यांच्या मथळ्यावर राइट-क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स' मधून 'इमेज पाथ नेम' आणि 'कमांड लाइन' निवडा. दुसरा रकाना पुढे उपयोगी पडणार आहे.

विंडोजचा बहुतेक संसार सी ड्राइव्हवरच्या 'विंडोज' फोल्डरमधल्या 'सिस्टिम३२' मध्ये असतो. शेजारीच 'सिसवॉव६४' नावाचा फोल्डर दिसेल. इथे नावं उलटी वाटतात. ६४-बिट विंडोजमध्ये ६४-बिट फायली 'सिस्टिम३२' मध्ये असतात आणि जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमसाठीच्या फायली 'सिसवॉव६४' मध्ये. त्यामुळे एकाच नावाची फाइल दोन्हीकडे दिसली तर दचकू नका.

आता काही ओळखीची नावं. 'एसव्हीसीहोस्ट' हा विंडोजच्या सेवा चालवणारा यजमान. तो एकाच वेळी डझनांनी दिसतो आणि नवखी माणसं तिथेच घाबरतात. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून, साडेतीन गिगाबाइटपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवांना स्वतंत्र यजमान मिळू लागला, म्हणून यादी लांबली. त्यांची संख्या मोजत बसू नका, पत्ता बघा. पत्ता 'सिस्टिम३२' किंवा 'सिसवॉव६४' सोडून दुसरा असेल तर फाइल खोटी धरून पुढे चला. 'एलसास' पासवर्ड तपासून लॉगिन करू देतो. तो एकच असतो आणि 'सिस्टिम३२' मध्येच असतो. 'सर्व्हिसेस' आणि 'विनइनिट' यांचंही तसंच, प्रत्येकी एक. 'सीएसआरएसएस' मात्र साधारणपणे दोन दिसतात आणि तेच बरोबर आहे. 'एक्सप्लोरर', म्हणजे टास्कबार आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम, या मंडळींत वेगळा आहे. तो थेट 'विंडोज' फोल्डरमध्ये राहतो, त्याच नावाची फाइल यूजरच्या फोल्डरमधून चालत असेल तर थांबा.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सिस्टिमची भासणारी प्रत्येक अस्सल फाइल 'सिस्टिम३२' मध्ये असतेच असं नाही. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसची 'एमएसएमपीएन्ग' ही फाइल 'प्रोग्रॅमडेटा' फोल्डरच्या आत, 'विंडोज डिफेंडर' आणि त्यातल्या 'प्लॅटफॉर्म' मध्ये सापडते. संगणक मंदावला की तिचं नाव यादीत वर दिसतं आणि लोक तिच्यावरच संशय घेतात.

संशयाच्या जागा म्हणाल तर 'ॲपडेटा' मधला 'टेम्प', 'ॲपडेटा' मधलाच 'रोमिंग', 'यूजर्स' मधला 'पब्लिक', डाउनलोड्स आणि थेट 'प्रोग्रॅमडेटा' मध्ये मोकळी पडलेली फाइल. इथे लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी सहसा लागत नाही, म्हणून घुसखोराला या जागा सोयीच्या पडतात. पण नुसता पत्ता बघून दोषी ठरवू नका. व्हिडिओ कॉलची, गप्पांची कितीतरी नामांकित ॲप्स 'ॲपडेटा' मध्येच बसतात, कारण त्यांनाही परवानगी मागत बसायचं नसतं. आणि एखाद्यानं फसवून ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मिळवली असेल तर त्याला 'सिस्टिम३२' मध्येही घुसता येतं.

त्यासाठी आणखी एक खूण बघा. प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी', त्यात 'ॲडव्हान्स्ड', आणि वर 'ओनर'. विंडोजच्या मूळ फायलींचा मालक 'ट्रस्टेडइन्स्टॉलर' असतो. विंडोजची म्हणवणारी फाइल 'सिस्टिम३२' मध्ये असूनही तिचा मालक वेगळा असेल तर तिची चौकशी पुढे न्यायलाच हवी. तारखेवर मात्र फार विसंबू नका. अपडेट आलं की तारखा बदलतात, आणि खोटी तारीख लावणं तर फारच सोपं आहे.

तिसरी पायरी: सही कोणाची

जबाबदार कंपनी आपला प्रोग्रॅम बाहेर सोडताना त्यावर डिजिटल सही करते. सही केल्यानंतर फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी ती सही जुळत नाही. प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब असेल तर तिथे नाव वाचा, ते निवडून 'डिटेल्स' दाबा आणि सही वैध असल्याचं लिहिलं आहे ना ते पाहा. नुसत्या 'डिटेल्स' टॅबवर कंपनीचं नाव दिसलं तर त्याला काडीचीही किंमत देऊ नका. तो साधा मजकूर असतो, कुणीही काहीही लिहावं.

आता एक घोळ इथेच सोडवायला हवा. विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच फायलींवर हा टॅब दिसतच नाही. त्यांच्या सह्या फाइलच्या पोटात नसतात, कॅटलॉग नावाच्या वेगळ्या फायलींत एकत्र ठेवलेल्या असतात. टॅब नाही म्हणून अस्सल फाइल उडवणारे भेटतात, म्हणून पुढची तपासणी शिकून घ्या.

फाइलवर राइट-क्लिक करून 'कॉपी ॲज पाथ' निवडा, विंडोज १० मध्ये त्यासाठी शिफ्ट दाबून राइट-क्लिक करावं लागतं. स्टार्टमधून पॉवरशेल, म्हणजे आदेश टाइप करून काम सांगायची विंडोजची खिडकी, उघडा. तिथे 'गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर' हा आदेश टाइप करा. 'ऑथेन' पर्यंत लिहून टॅबचं बटण दाबलं तर पुढचं नाव आपोआप येतं. एक जागा सोडून पत्ता चिकटवा, एंटर दाबा. हा आदेश कॅटलॉगमधल्या सह्याही तपासतो. 'स्टेटस' खाली 'व्हॅलिड' आलं तर सही खरी आहे. 'नॉटसाइन्ड' आलं तर सही नाही. तसं असणं छोट्या, फुकट प्रोग्रॅममध्ये सर्रास आढळतं, पण विंडोजची म्हणवणाऱ्या फाइलवर सही नसणं गंभीर आहे. आणि 'हॅशमिसमॅच' आलं तर सही झाल्यानंतर फाइलमध्ये फेरफार झालेला आहे. अशी फाइल चालवू नका.

टाइप करायचा कंटाळा असेल तर मायक्रोसॉफ्टचंच 'प्रोसेस एक्सप्लोरर' हे फुकट साधन घ्या. १९९६ पासूनच्या सिसइंटर्नल्स या संचातलं ते आहे, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो संच आपल्याकडे घेतला. त्याच्या 'ऑप्शन्स' मधलं 'व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स' सुरू केलं की चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमसमोर सही करणाऱ्याचं नाव येतं. नवख्यांनी एकच जास्तीचं साधन ठेवायचं असेल तर मी हेच सुचवेन.

सही खरी निघाली तरी तिच्यावर पूर्ण विसंबू नका. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमच्या ड्रायव्हर फायलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या खऱ्या कंपन्यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटनं सह्या केल्या होत्या. २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या प्रोग्रॅमची एक आवृत्तीच आतून बाधित होऊन बाहेर पडली. तिच्यावर खुद्द कंपनीची वैध सही होती आणि कंपनीच्याच हिशेबानं ती सुमारे २२.७ लाख लोकांपर्यंत पोचली होती. असे प्रसंग विरळा आहेत, पण ते घडतात, म्हणून पुढची पायरी गाळू नका.

चौथी पायरी: फाइलचा ठसा इतरांना दाखवा

प्रत्येक फाइलचा एक ठसा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ या पद्धतीनं काढलेला ठसा ६४ आकडे-अक्षरांचा असतो, आणि फाइलमध्ये एवढासा बदल झाला तरी तो पार वेगळा येतो. पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' लिहा, जागा सोडा, पत्ता चिकटवा. येणारी लांब ओळ कॉपी करा आणि व्हायरसटोटल या संकेतस्थळाच्या 'सर्च' मध्ये टाका. २००४ मध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली ही सेवा एकाच फाइलवर सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसची मतं दाखवते.

ठसा शोधा असं म्हणतोय, फाइल चढवा असं नाही. व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल तिथल्या सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या सदस्यांना मिळू शकते. एखादा प्रोग्रॅम चढवायला हरकत नाही, पण स्वतःचे कागद, पगाराच्या नोंदी, ऑफिसच्या फायली चढवू नका. ठशावरून मूळ फाइल कुणालाच परत उभी करता येत नाही, म्हणून तो मार्ग सुरक्षित आहे.

निकाल वाचायला थोडी नजर लागते. सत्तरपैकी चाळीस जणांनी फाइल वाईट म्हटली तर प्रश्नच मिटला. एखाद-दोघांनीच लाल निशाण दाखवलं, आणि त्यांनी दिलेल्या नावात 'जेनेरिक', 'ह्युर' किंवा 'एमएल' असं काही असेल, तर तो बहुधा अंदाजानं घातलेला संशय असतो. पण फाइल कालच पहिल्यांदा दिसलेली असेल तर तेच दोन निशाण जड धरा, कारण नव्या घुसखोराला ओळखायला बाकीच्यांना वेळ लागतो. त्यासाठी 'डिटेल्स' टॅबवर 'फर्स्ट सबमिशन' ची तारीख आणि 'नेम्स' ही यादी बघा. तुमच्याकडे जी 'एसव्हीसीहोस्ट' म्हणून वावरते ती इतरांकडे गेमच्या क्रॅकच्या, म्हणजे गेम चोरून चालवायच्या फाइलच्या, नावानं आली असेल, तर यादी स्वतःच बोलते.

ठसा सापडलाच नाही तर? इथे फाइल कोण असल्याचा दावा करते त्यावर अर्थ बदलतो. विंडोजची फाइल कोट्यवधी संगणकांवर असते, ती आजवर कुणीच पाहिली नाही हे पटण्यासारखं नाही. ऑफिसच्या आतल्या वापरासाठी बनवलेला छोटा प्रोग्रॅम मात्र जगाला अनोळखी असणारच.

फाइलचं नाव टाकून शोधलं की 'ही फाइल इतके टक्के धोकादायक' असं सांगणारी आणि शेजारीच क्लीनर उतरवण्याचं बटण ठेवणारी पानं वर येतात. ती मिटून टाका. त्यांना तुमची फाइल दिसलेलीच नसते, फक्त नाव माहीत असतं, आणि नावाची किंमत काय ते आपण पाहिलंच. त्याहून घातक म्हणजे हरवलेल्या डीएलएल फायली, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारे सामाईक भाग, फुकट वाटणारी पानं. 'एमएसव्हीसीपी१४०' किंवा 'व्हीसीरनटाइम१४०' सापडत नाही असा संदेश आला तर तिथून एकटी फाइल आणून 'सिस्टिम३२' मध्ये टाकू नका. या फायली मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल' या पॅकेजमधून येतात, ते मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून बसवा.

पाचवी पायरी: तिला चालू कोणी केलं

कधी कधी फाइल शंभर टक्के अस्सल असते आणि तरीही तिच्याकडून वाईट काम करून घेतलं जात असतं. पॉवरशेल, 'रनडीएलएल३२', 'डब्ल्यूस्क्रिप्ट', 'एमएसएचटीए' ही विंडोजची स्वतःची अवजारं आहेत. जागा बरोबर, सही बरोबर, ठसाही निर्मळ. घुसखोराला तेच हवं असतं, म्हणून तो स्वतःची फाइल आणण्याऐवजी यांना हुकूम देतो. अशा वेळी दुसऱ्या पायरीत उघडलेला 'कमांड लाइन' हा रकाना वाचा. 'रनडीएलएल३२' दुसऱ्या कुठल्यातरी डीएलएलचं काम करतो, तेव्हा चौकशी त्या डीएलएलची करायची. पॉवरशेलसमोर अर्थहीन अक्षरांची भलीमोठी माळ असेल, एखादा वेब पत्ता असेल किंवा 'टेम्प' मधल्या फाइलचा उल्लेख असेल, तर सावध व्हा.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये प्रोग्रॅम वंशावळीसारखे दिसतात, कुणाच्या पोटी कोण जन्मलं ते कळतं. अस्सल 'एसव्हीसीहोस्ट' हा 'सर्व्हिसेस' चा मुलगा असतो आणि 'सर्व्हिसेस' हा 'विनइनिट' चा. वर्डच्या पोटी पॉवरशेल जन्मलेला दिसला तर उघडलेल्या कागदातल्या मॅक्रोनं, म्हणजे कागदातच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमनं, काहीतरी सुरू केलं असण्याची दाट शक्यता आहे.

संगणक सुरू होताना कोण कोण उठतं हे बघायला त्याच संचातलं 'ऑटोरन्स' आहे. यादी प्रचंड येते, म्हणून 'ऑप्शन्स' मधून 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' सुरू करा, उरलेली यादी वाचता येण्याजोगी होते. काढून टाकण्याऐवजी समोरची खूण काढा. चुकलं तर परत लावता येते.

मॅकबद्दल थोडक्यात. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकची प्रणाली फक्त वाचता येणाऱ्या वेगळ्या कप्प्यात असते, त्यामुळे अनोळखी फाइल सहसा 'लायब्ररी' मधल्या 'लाँचएजंट्स' आणि 'लाँचडीमन्स' या फोल्डरांत शोधावी. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये 'डीपीकेजी' ला फाइलचा पत्ता दिला की ती कुठल्या पॅकेजची आहे ते कळतं. कुठल्याच पॅकेजची नसेल तर ती कुणी ठेवली ते शोधायचं.

तपासून झाल्यावर

फाइल अस्सल निघाली आणि तरी संगणक दमलेला असेल, तर थोडं थांबा. अपडेट बसवणारा 'टायवर्कर' आणि शोधाची सूची बनवणारा 'सर्चइंडेक्सर' काम झालं की शांत होतात. अस्सल फाइल बिघडल्यासारखी वाटली तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून टर्मिनल उघडा, आधी 'डिसम' चा 'रिस्टोअरहेल्थ' आदेश चालवा आणि मग 'एसएफसी स्कॅननाऊ'. या दोन आदेशांची नेमकी जोडणी मायक्रोसॉफ्टच्या मदत पानावरून कॉपी करा. पहिला आदेश विंडोजचा दुरुस्तीचा साठा नीट करतो, दुसरा त्या साठ्याशी ताडून बिघडलेल्या फायली बदलतो.

खोटी निघाली तर इंटरनेट तोडा आणि त्या संगणकावर एकही पासवर्ड टाइप करू नका. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मधल्या 'स्कॅन ऑप्शन्स' वर जा आणि ऑफलाइन स्कॅन निवडा. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण जागं होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे घुसखोराला लपायला जागा मिळत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात. सापडलेली फाइल डिलीट करण्याऐवजी 'क्वारंटाइन' मध्ये जाऊ द्या. तिथे ती चालू शकत नाही, आणि निदान चुकलं असेल तर 'प्रोटेक्शन हिस्टरी' मधून परत आणता येते. मॅकॅफीचा तो एप्रिल आठवा, म्हणजे हे का सांगतोय ते कळेल.

पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलले जातात. मग बँक, मग बाकीचं. प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट' हा पर्यायही वापरा. पासवर्ड चोरणारे बरेच प्रोग्रॅम ब्राउझरमधली सुरू असलेली लॉगिनही उचलून नेतात, आणि ती नुसता पासवर्ड बदलून बंद होतीलच असं नाही.

कुणा जाणकाराला विचारणार असाल तर फाइलचा पूर्ण पत्ता, सहीचा निकाल, ६४ अक्षरांचा ठसा आणि ती पहिल्यांदा कधी दिसली, एवढं लिहून द्या. नुसतं नाव सांगितलं तर त्यालाही अंदाजच करावा लागेल.

साफसफाई झाली की संगणक दोनदा रीस्टार्ट करा आणि त्याच फोल्डरमध्ये पुन्हा डोकावा. फाइल परत आली असेल तर तिला आणून ठेवणारं दुसरंच कोणीतरी आत बसलं आहे. ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या 'टास्क शेड्यूलर' मध्ये आणि ऑटोरन्समध्ये त्याचा माग काढा. तिथेही हाती लागलं नाही, किंवा घुसखोराला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मिळाल्याचं दिसलं, तर स्वतःचे कागद आणि फोटो बाहेर काढून घ्या, प्रोग्रॅम मागेच सोडा, आणि विंडोज नव्यानं बसवा.